घर, होडी, चेंडू, छत्री

पहिल्या चष्मेवाल्यानं भिंगरीला दुकानात पाऊलसुद्धा टाकू दिलं नाही. काचेच्या दारातूनच त्यानं तिचं मान डोलवणं आणि हातांची फडफड बघितली, आणि स्वतःच बाहेर येऊन तिच्या बापाला, पेंटरला, म्हणाला, "आमच्याकडे सगळं काचसामान आहे हो. जरा समजून घ्या." पेंटरनं समजून घेतलं. गेली साडेनऊ वर्षं तो दुसरं करत काय होता? जो उठतो तो त्यालाच समजून घ्यायला सांगतो.

दुसऱ्यानं निदान आत घेतलं. उंच खुर्चीवर बसवलं, गोडगोड बोलला, आणि न विचारता न सांगता तिच्या नाकावर ती नंबर काढायची जड फ्रेम ठेवून दिली. मग काय! भिंगरीनं फ्रेम भिरकावली, त्याच्या मनगटाला कडकडून चावली, आणि ती खुर्चीसकट मागे कलंडणार तोच पेंटरनं तिला झेललं. गिऱ्हाइकं तोंड वासून बघत राहिली. चष्मेवाल्यानं मनगट चोळत चोळत कार्डावर लिहिलं, 'मूल सहकार्य करत नाही', आणि खाली झोकात सही ठोकली.

"मूल सहकार्य करत नाही म्हणे! अरे, तू कुठे केलंस?" पेंटर म्हणाला. पण म्हणाला तो रस्त्यावर आल्यावर. आत त्यानं चारचौघांसमोर हात जोडून माफीच मागितली होती.

पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा. किराणा, दवाखाना, शिकवणी, 'दारासमोर गाडी लावू नये', म्हणाल ते. छापील पाट्या आल्या आणि त्याचं निम्मं काम गेलं, पण मिजास काही गेली नाही. पट्टी न लावता तो हातभर सरळ रेघ मारायचा, आणि एकदा बघितलेलं अक्षर त्याचा हात कधी विसरायचा नाही. मुलगी याबाबतीत त्याच्यावरच गेली होती. भिंगरी बोलत नव्हती. डब्यांची झाकणं जमिनीवर गरागरा फिरवायची आणि बघत बसायची, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. पण तिची आठवण! शाळेच्या वाटेवरचे दिव्यांचे खांब, घरातल्या खुर्च्यांच्या जागा, दोरीवरच्या कपड्यांचा क्रम, सगळं तिच्या डोक्यात पक्कं. दोन टॉवेल इकडचे तिकडे झाले तरी घर डोक्यावर घ्यायची. आई वैतागायची आणि पेंटर कौतुकानं हसायचा.

अलीकडे मात्र ती झाकण नाकाला लावून बघायला लागली होती. पाणी पेल्याच्या शेजारी ओतायची. एक दिवस शाळेच्या पायरीवरून पडली आणि पुढचा अर्धा दात गेला. विशेष मुलांची ती शाळा, तिथल्या बाईंनी सांगितलं, डोळे तपासून घ्या आणि लवकर घ्या. बोलता येत नाही, ऐकलेलं अर्धंमुर्धं कळतं. या पोरीचं सगळं जग काय ते डोळ्यांतून आत येतं. ती वाटही बंद झाली तर तिच्यापाशी उरणार काय?

"पण साडेतीन वर्षांपूर्वी तर चांगले होते डोळे," तो बायकोला पुन्हा पुन्हा म्हणत होता. "कागद आहे आपल्याकडे."

कागद होताच. नुसता होता असं नाही, चौकट करून बाहेरच्या खोलीत दारासमोर टांगलेला होता. 'दोन्ही डोळ्यांची दृष्टी उत्तम.' भिंगरीला आयुष्यात मिळालेलं ते पहिलं आणि एकुलतं एक प्रमाणपत्र. ते मिळवायला पेंटरनं काय खटाटोप केला होता, ते सांगितलंच पाहिजे.

तेव्हा भिंगरी सहा वर्षांची होती. शाळेनं सांगितलं होतं, डोळ्यांचा कागद आणा मग नाव घालू. आणि चष्मेवाले तेव्हाही असेच होते, अंगाला हात लावला की ती किंचाळायची, आणि ती किंचाळली की ते हात झटकून मोकळे. तेव्हा पेंटरनं एका दुकानात भिंतीवरचा चित्रांचा तक्ता नीट बघून घेतला. अक्षरं न येणाऱ्या मुलांसाठीचा तक्ता तो. वरच्या ओळीत मोठी चित्रं, घर, होडी, चेंडू, छत्री. खाली चेंडू, घर, छत्री, होडी. अशा एकाखाली एक सात ओळी, बारीक बारीक होत गेलेल्या. मुलाच्या मांडीवर एक पुठ्ठा द्यायचा, त्यावर तीच चार चित्रं. चष्मेवाला तक्त्यावरच्या चित्रावर छडी ठेवणार, मुलानं पुठ्ठ्यावर बोट ठेवायचं. तोंडानं बोलायची गरज नाही. एकच कंपनी छापत असेल, सगळ्या दुकानांत तोच तक्ता.

पेंटरनं घरी येऊन पाटीवर तो जसाच्या तसा उतरवला. रेघेरेघेला तोच. मांडीवरचा पुठ्ठाही केला, आणि डोळा झाकायला लांब दांड्याचं गोल झापड कापलं. मग तीन महिने, रोज संध्याकाळी, भिंगरी स्टुलावर आणि बाप समोर. एक ओळ बरोबर आली की 'शाब्बास', आणि लाल रंगवलेलं एक झाकण फिरवायला. पहिले पंधरा दिवस त्याच्या नाकी नऊ आले. ती उठून पळायची, झापड ओरबाडायची, एकदा तर तिनं त्याच्या हातावर रक्त काढलं. पण हा गडी हटला नाही. पुढे पुढे ती अशी तयार झाली की स्टुलावर आपण होऊन बसायची, झापड आपण होऊन धरायची, आणि सात ओळी धडाधड बोट ठेवत जायची. परीक्षेच्या दिवशी चष्मेवाला थक्क झाला. डावा झाकून सात, उजवा झाकून सात! पाच मिनिटांत काम खलास. त्यानं कागद दिला, शाळेनं नाव घातलं, आणि पेंटरचा जीव भांड्यात पडला.

पाटी पुढेही भिंतीवरच राहिली. भिंगरीचा तो खेळ झाला होता. रोज संध्याकाळी दिवा लागला की स्टूल, पुठ्ठा, सात ओळी आणि लाल झाकण. खंड पडला तर आकांत.

मध्यंतरी एकदा बायको म्हणाली होती, "अहो, ही डावीकडून कुणी आलं की दचकते. ताटातलं डावीकडचं तसंच राहतं. पुन्हा एकदा दाखवायचे का डोळे?"

पेंटर तेव्हा कागदाच्या चौकटीला पॉलिश करत होता. त्याचं डोकंच फिरलं. "अगं, पास झालीय ती! डॉक्टर, शिक्षक, शेजारी, सगळे हिच्यात खोट काढतात. एक गोष्ट धड झाली, तर तीही तुला बघवत नाही का?"

लाँड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री करून बायकोचे हात दुखत असायचे, भांडायला जीव कुठून आणणार? ती पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

आता मात्र तिसरं दुकान शोधण्यावाचून गत्यंतर नव्हतं. कागद देणारा चष्मेवाला केव्हाच दुकान आवरून गेला होता. शेवटी शाळेच्या फाटकाशी एका दुसऱ्या मुलाच्या आईनं भिंगरीच्या आईला पत्ता सांगितला. शिलाई मशीनच्या दुकानावर, पहिला मजला, एक म्हाताऱ्या चष्मेवाल्या बाई आहेत. "वेळ लागेल," ती म्हणाली, "पण त्या ओरडत नाहीत."

बाईंचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, एक टेबल आणि भिंतीवर फार तर चाळीस फ्रेमा. पेंटर मुलीला घेऊन दारात उभा राहिला आणि सवयीनं आधीच माफी मागायला लागला, "बाई, ही जरा..."

"दिसतंय मला," बाई म्हणाल्या. "गुरुवारी दुपारी या. त्या वेळी मी दुसरं गिऱ्हाईक घेत नाही."

पहिल्या गुरुवारी बाईंनी डोळ्यांचं नावसुद्धा काढलं नाही. दार लावून घेतलं, पंखा बंद केला कारण भिंगरी त्याच्याकडे बघून कान झाकत होती, आणि गुडघे धरत धरत जमिनीवर बसल्या. चष्म्याच्या डबीचं झाकण काढून फिरवलं. भिंगरीनं ते उचललं आणि त्यांच्यापेक्षा चांगलं फिरवलं. तासभर एवढंच चाललं. निघताना बाईंनी ती नंबर काढायची जड फ्रेम एका पिशवीत घालून दिली. "घरी घेऊन जा. नाकावर ठेवू नका. नुसती पडू दे हिच्या आसपास."

"मोडली तर?"

"दुसरी आहे माझ्याकडे."

पेंटर जिना उतरला आणि खालच्या शिलाई मशीनवाल्यासमोर त्याला रडू आलं. लाज वाटली त्याला. पण साडेनऊ वर्षांत एवढा वेळ त्याच्या पोरीला कुणी दिला होता?

दुसऱ्या गुरुवारी बाईंनी फ्रेम स्वतःच्या डोळ्यांवर लावली, मग खुर्चीच्या पाठीला लावली, मग पेंटरच्या नाकावर. भिंगरी हसली. घशातून येणारं तिचं ते घोगरं हसू, ऐकलं की परके लोक दचकतात. बाईही हसल्या. तिसऱ्या गुरुवारी भिंगरीनं फ्रेम आपण होऊन डोळ्यांवर चढवली, आणि एकवीस मोजेपर्यंत ठेवली. पेंटर मनातल्या मनात मोजत होता.

"पुढच्या वेळी तपासू," बाई म्हणाल्या.

"तक्त्यात ती एकदम हुशार आहे बाई," पेंटर म्हणाला. आनंदानं त्याला राहवेना. "बघाच तुम्ही."

चौथ्या गुरुवारी बायकोनंही अर्धी रजा मागितली होती, पण लाँड्रीतल्या मुकादमानं दिली नाही. पेंटर एकटाच मुलीला घेऊन आला. भिंतीवर तक्ता होता, तोच, घर, होडी, चेंडू, छत्री. भिंगरीनं तो बघितला की नाही कोण जाणे, पण मांडीवर पुठ्ठा आला मात्र, तिची पाठ ताठ झाली. बाईंनी छडी उचलली. पहिली ओळ बरोबर. दुसरी बरोबर. तिसरी, चौथी. पेंटर फुलून गेला होता. सातव्या ओळीला बाई थांबल्या. छडी त्यांनी दुसऱ्या चित्रावर ठेवली होती, आणि भिंगरीचं बोट केव्हाच पुढे जाऊन शेवटच्यावर पोचलं होतं.

"सातवी तर इथून मलासुद्धा दिसत नाही," बाई स्वतःशीच म्हणाल्या.

त्यांनी टेबलाच्या खणातून हातानं काढलेली चार मोठी कार्डं काढली. वीतभर चित्रं, अगदी समोर, हाताच्या अंतरावर. भिंगरीनं सवयीनं झापड घेतलं आणि डावा डोळा झाकला. बाईंनी छत्री दाखवली. भिंगरीचं बोट घरावर गेलं. मग होडीवर, मग चेंडूवर. समोर छत्री होती तशीच, आणि बोट आपलं पुढे पुढे चाललं होतं. बाईंनी तिचं बोट अलगद धरलं, थांबवलं, पुन्हा छत्री दाखवली. कितीतरी वेळा. घाई नाही, आवाज चढवणं नाही. अर्ध्या तासानं केव्हातरी भिंगरीनं खरंच कार्डाकडे बघितलं, नाक जवळ नेलं, आणि बोट छत्रीवर ठेवलं.

"शाब्बास," पेंटर म्हणाला.

मग झापड दुसरीकडे आलं. उजवा डोळा झाकून भिंगरी बसली. बाईंनी घर दाखवलं. छत्री दाखवली. कार्ड वर नेलं, खाली नेलं, अगदी नाकासमोर धरलं. उघडा डावा डोळा नुसता पुढे बघत होता. बोट मात्र चाललं होतं, घर, होडी, चेंडू, छत्री, घर, होडी.

बाईंनी खिडकीचा पडदा ओढला आणि हातातल्या छोट्या यंत्राचा उजेड दोन्ही डोळ्यांत टाकून बराच वेळ बघितलं. भिंगरीनं टाकू दिला. चार गुरुवारांची कमाई होती ती. मग पडदा सरकवून त्या पेंटरशेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"तक्ता पाठ आहे तिला. कुणी शिकवला?"

"मी," पेंटर म्हणाला. "पाटी रंगवली होती. ती बसावी म्हणून हो. बसतच नव्हती कुठे. मी फक्त बसायला शिकवत होतो."

बाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "एक विचारते, आठवून सांगा. घरी शिकवत होतात तेव्हा सुरुवातीला झापड लावलं की रडायची ना?"

"रडायची? ओरबाडायची."

"कुठला डोळा झाकला की?"

पेंटरला आठवायची गरजच नव्हती. एकदा बघितलेलं तो विसरत नसे. डावा झाकला की पोर गप्प. उजवा झाकला की आकांत, नखं, रक्त, डोकं भिंतीवर. रोज, पंधरा दिवस. आणि त्यानं काय केलं होतं? आधी डावा झाकून ओळी पक्क्या पाठ करून घेतल्या होत्या, लाल झाकण दाखवत दाखवत. मग उजवा झाकला होता. तोवर तिला बघायची गरज उरली नव्हती. बिनबोलाची पोर पंधरा दिवस ओरडून ओरडून सांगत होती की बाबा, या डोळ्यानं मला दिसत नाही, आणि बाप तिला गप्प बसायला शिकवत होता.

"उजवा," तो म्हणाला.

"उजव्याला आता नंबर आलाय, चष्म्यानं तो भागेल. घालेल ती, मी घालायला शिकवीन," बाई म्हणाल्या. "डाव्याला जन्मापासून मोठा नंबर असणार. तिकडून धूसरच येत राहिलं, मग मेंदूनं तो डोळा वापरायचा सोडून दिला. मी चष्मेवाली आहे, डॉक्टर नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते. पण पेंटर, तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही."

"सहाव्या वर्षी कळलं असतं तर?"

बाईंनी हातातला चष्मा पुसायला घेतला. "तेव्हाही सगळं आलंच असतं असं नाही."

"बाई, मला सांगा."

"बरंच आलं असतं," बाई म्हणाल्या.

भिंगरी जमिनीवर झाकण फिरवत होती. मान डावीकडे वळवून, उजवा डोळा पुढे करून. ती अशीच बघते, तिची लकब आहे, असं पेंटर सगळ्यांना कौतुकानं सांगायचा.

चालत घरी येईपर्यंत त्यानं तिचा डावा हात घट्ट धरला होता. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्या त्या बाजूनं चालत होता. घरी बायको आली होती, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. "काय म्हणाल्या?" तिनं विचारलं.

त्यानं सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, एकही गोष्ट न वगळता. नखांचं सांगितलं, रक्ताचं सांगितलं. "तू म्हणाली होतीस," शेवटी तो म्हणाला. "बोल ना मला काहीतरी. शिव्या दे."

बायको खाली बसली. "मी काय बोलू?" ती म्हणाली. "तुम्ही ओरडलात, आणि मला बरं वाटलं होतं. पुन्हा ती दुकानं नकोत, ती माणसं नकोत. मी एकदाच म्हटलं ना? दुसऱ्यांदा म्हणायला मला कुणी अडवलं होतं?" आणि ती रडायला लागली, पदर नाही, हात नाही, तोंड तसंच उघडं ठेवून.

पेंटरनं चौकट काढून पालथी ठेवली. मग पाटीचे खिळे उपटले. त्याच्या हातून इतकं सुबक काम दुसरं झालं नव्हतं. सातव्या ओळीतल्या तांदळाएवढ्या छत्रीला दांडासुद्धा होता. त्यानं ती पाटी मागच्या गॅलरीत नेली आणि पांढऱ्या रंगाचा डबा फोडला. एक हात मारला. चित्रं खालून दिसत राहिली. त्यानं दुसरा हात मारला.

आत दिवा लागला तशी त्याला स्टूल ओढल्याचा आवाज आला.

तो दारात आला. भिंगरी स्टुलावर बसली होती, पाठ ताठ, मांडीवर पुठ्ठा. समोरच्या भिंतीवर चार खिळ्यांची भोकं आणि मळक्या भिंतीत पाटीएवढा एक स्वच्छ चौकोन, बाकी काही नाही. तिनं झापड घेतलं. डावा डोळा झाकला, सात ओळी केल्या. मग झापड बदललं, उजवा डोळा झाकला, आणि त्या रिकाम्या भिंतीकडे तोंड करून एकेक बोट ठेवत गेली. घर, होडी, चेंडू, छत्री. एकही चुकलं नाही.

सातवी ओळ संपली. तिनं झापड खाली ठेवलं, बापाकडे वळली आणि हात पुढे केला.

बायको त्याच्याकडे बघत होती. पेंटरनं पांढऱ्या रंगानं भरलेली बोटं सदऱ्याला पुसली, फळीवरचं लाल झाकण काढलं आणि पोरीच्या हातावर ठेवलं.

"शाब्बास," तो म्हणाला. "शाब्बास गं माझी भिंगरी."